धातूत नेमकं भोक पाडताना: ड्रिलिंग आणि रीमिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआयतून नुकतीच टूलरूममध्ये आलेली मुलं आणि घरी बेंच ड्रिल घेतलेले हौशी कारागीर मला साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. १६ मि.मी. जाडीची एम.एस. (माइल्ड स्टील) प्लेट आहे आणि तिच्यात डॉवेल पिनसाठी (दोन भाग नेमक्या जागी जुळवून ठेवणारी पिन) १० मि.मी. एच७ चं भोक हवं आहे. एच७ म्हणजे व्यासात किती फरक चालेल याची ठरलेली हद्द.

१० मि.मी.चं ड्रिल मारलं, तरी भोक १० चं का येत नाही?

नवीन ड्रिल मायक्रोमीटरमध्ये धरून बघा. ते १० किंवा किंचित कमीच भरेल, कारण १० मि.मी.चं ट्विस्ट ड्रिल साधारणपणे ९.९७८ ते १०.००० या हद्दीत बनवलेलं असतं. तरीही भोक मोठं पडतं, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण ड्रिलच्या टोकात असतं. दोन कटिंग धारांपैकी एक दुसरीपेक्षा जरा लांब असली, तर ड्रिल स्वतःच्या टोकाभोवती फिरतं आणि लांब धार भोकाचा व्यास ठरवते. टोक मध्यापासून ०.१ मि.मी. सरकलेलं असेल, तर भोक जवळजवळ ०.२ मि.मी.ने मोठं पडतं. चकचा रनआउट (मध्यावर न फिरता डगमगणं) आणि स्पिंडलचा प्ले (ढिलेपणा) असेल तर तोही त्यात भर घालतो.

दुसरी अडचण टोकाच्या अगदी मध्यावर आहे. तिथल्या चिझल एजला कापता येत नाही, ती माल चेपून बाजूला सारते. म्हणून सपाट पृष्ठावर टेकवलेलं ड्रिल आधी भटकतं आणि मग कुठेतरी बसतं. ते जिथे बसेल तिथेच भोक होतं.

'अचूक भोक' म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खरं तर सुरुवात इथूनच व्हायला हवी. भोकाच्या बाबतीत चार गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: व्यास, गोलाई, जागा आणि सरळपणा (म्हणजे ते पृष्ठाला काटकोनात आहे का). ड्रॉइंगवर '१० एच७' लिहिलेलं असतं तेव्हा त्यातून फक्त व्यास कळतो. तो १०.००० ते १०.०१५ मध्ये हवा. ६ मि.मी.ला हीच पट्टी ०.०१२ ची असते, १२ मि.मी.ला ०.०१८ ची आणि २० मि.मी.ला ०.०२१ ची.

रीमर म्हणजे ड्रिल केलेलं भोक किंचित कापून मापात आणणारं अनेक दातांचं हत्यार. तो यातलं एकच काम नीट करतो, व्यास. त्याच्यासोबत फिनिश येतं, गोलाईही बरीचशी सुधारते. जागा आणि सरळपणा मात्र रीमर दुरुस्त करत नाही. तो आधीच्या भोकाच्या मागे जातो. भोक तिरकं असेल तर रीमरही तिरका उतरतो, आणि हातात येतं ते सुंदर चकाकणारं, मापात बसणारं, तिरकं भोक. 'थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल, रीमर सरळ करेल' हे वाक्य मी कित्येक शॉपमध्ये ऐकलं आहे. स्क्रॅपच्या पेटीत पडलेल्या किती तरी चांगल्या प्लेटांमागे हाच समज होता.

मग जागा नेमकी पकडायची कशी?

हाताशी काय आहे त्यावर ते अवलंबून आहे.

फक्त सरफेस प्लेट आणि हाइट गेज असेल, तर पृष्ठावर मार्किंग ब्लू लावा आणि दोन बाजूंनी रेघा ओढा. रेघा जिथे छेदतात तिथे आधी ६० अंशांच्या टोकाचा बारीक पंच हलकाच टेकवा. भिंगातून बघा. बिंदू सरकलेला असेल तर पंच तिरका धरून त्याला परत मध्यावर ओढा, आणि खात्री झाली की मगच ९० अंशांच्या सेंटर पंचने तो मोठा करा. चांगल्या हाताला या पद्धतीने ०.१ ते ०.२ मि.मी.च्या आत जागा मिळते. बोल्टच्या भोकाला तेवढं पुरतं, डॉवेलला पुरत नाही.

मिलिंग मशीन असेल तर एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं स्पिंडलमधलं साधन) लावा. १० मि.मी. टोकाचा एज फाइंडर कडेला लागला की स्पिंडलचं केंद्र कडेपासून ५ मि.मी.वर असतं. हे ५ मि.मी. मोजायला विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, म्हणून मी कागदावर आधी तेच लिहितो. डीआरओ (टेबल किती सरकलं ते आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) नसेल आणि हँडलच्या डायलवर काम असेल, तर लीडस्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारा फिरवा) लक्षात ठेवा. प्रत्येक भोकाला एकाच दिशेने पोचायचं. पुढे गेलात, तर एक-दोन फेरे मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने या.

डीआरओ नसताना काम करायची एक जुनी पद्धत आता फारशी कुणी शिकवत नाही, तिच्याविषयी मला विशेष आपुलकी आहे. ती म्हणजे टूलमेकर्स बटण. बटण म्हणजे बाहेरून ग्राइंड केलेली, अगदी ठरलेल्या व्यासाची छोटी नळी. तिच्या आतलं भोक स्क्रूपेक्षा बरंच मोठं असतं. भोकाच्या अंदाजे जागी छोटं ड्रिल मारून आटे पाडायचे, बटण स्क्रूने सैलसर अडकवायचं आणि मायक्रोमीटर किंवा स्लिप गेजने (ठरलेल्या जाडीचे ठोकळे) कडेपासूनचं अंतर मोजत हलक्या टिचक्यांनी सरकवायचं. माप जुळलं की स्क्रू आवळायचा. मग जॉब लेथच्या फेसप्लेटवर बांधून बटणावर डायल (सूईने बारीक हालचाल दाखवणारा इंडिकेटर) लावायचा, सूई हलायची थांबेपर्यंत जॉब जुळवायचा, बटण काढायचं आणि तिथेच बोअर करायचं. वेळखाऊ आहे, पण एका मायक्रोमीटरच्या आणि एका डायलच्या जोरावर माणसं मिलिमीटरच्या शतांशात काम करत आली आहेत.

सेंटर ड्रिल वापरायचं की स्पॉट ड्रिल?

सेंटर ड्रिल लेथच्या सेंटरसाठी ६० अंशांची खोबण पाडायला बनवलेलं आहे. आपण ते ड्रिलिंगच्या आधी सर्रास वापरतो. काम चालतं, पण त्याचा कोन ६० आणि साध्या ड्रिलचा ११८. त्यामुळे ड्रिल आत जाताना आधी त्याचे बाहेरचे कोपरे टेकतात आणि ते थरथरतं. शक्य असेल तर ड्रिलच्या टोकाएवढ्याच किंवा जरा जास्त कोनाचं स्पॉट ड्रिल घ्या, म्हणजे ११८ अंशांच्या ड्रिलला १२० अंशांचं. मग ड्रिलचं टोक आधी टेकतं आणि ते मध्यावर राहतं. सेंटर ड्रिलच वापरायचं असेल तर छोटं घ्या आणि जेमतेम खड्डा पाडा, शंकूत खोल शिरू नका.

मशीन सरळ आहे हे कसं कळणार?

स्पिंडलला डायल अडकवा, टेबलावर एक वर्तुळ फिरवा आणि चार ठिकाणी वाचन घ्या. २०० मि.मी.च्या वर्तुळात ०.०२ च्या आसपास फरक आला तर समाधान माना. बेंच ड्रिलचं टेबल हलतं असतं, त्यामुळे दर मोठ्या कामाआधी हे पाहिलेलं बरं. व्हाइसखालचा एक कीसही सगळं तिरकं करतो. पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समान उंचीच्या पट्ट्या) पुसा, व्हाइस पुसा, जॉबच्या कडेचा बर काढा. जॉब पॅरललवर बसला की पॅरलल बोटाने हलवून पाहा. हलला तर जॉब बसलेला नाही.

रीमरसाठी किती माल ठेवायचा?

मशीन रीमरसाठी व्यासावर ढोबळ मापं अशी: ५ मि.मी.पर्यंत ०.१ ते ०.२, ५ ते २० पर्यंत ०.२ ते ०.३, त्यापुढे ५० पर्यंत ०.३ ते ०.५. हँड रीमरला याच्या साधारण निम्मा माल. आपल्या १० मि.मी.साठी शेवटचं ड्रिल ९.८ चं. पण ९.८ चं ड्रिल मारलं म्हणजे भोक ९.८ चं झालं असं मानू नका. पहिल्या प्रश्नात सांगितलेलं सगळं इथेही लागू आहे. धार वाकडी असेल तर भोक ९.९५ होईल आणि रीमरला कापायला काहीच उरणार नाही.

माल फार कमी ठेवला तर रीमर कापत नाही, नुसता घासतो. भोक चमकतं, रीमर गरम होतो, धार बसते. स्टेनलेसमध्ये तर घासलेला पृष्ठ कडक होतो आणि त्यानंतर तिथे काहीच नीट कापत नाही. माल फार जास्त ठेवला तर फ्लूट (दातांमधल्या खाचा) कीसाने भरतात, पृष्ठावर चरे पडतात आणि भोक मोठं होतं. नवशिके भीतीपोटी कमी माल ठेवतात आणि तिथेच फसतात.

मी स्वतः आधी साधारण ३ मि.मी.चं पायलट मारतो, म्हणजे मोठ्या ड्रिलच्या चिझल एजला ढकलायला काही उरत नाही. मग ९ किंवा ९.५ चं ड्रिल आणि शेवटी ९.८ चं. शेवटच्या ड्रिलला थोडाच माल कापावा लागतो म्हणून ते कमी भटकतं. जॉब मात्र या सगळ्यात हलवायचा नाही. स्पॉट, पायलट, ड्रिल, रीमर हे सगळं एका भोकावर एकाच बांधणीत पुरं करायचं आणि मगच टेबल पुढच्या भोकाकडे न्यायचं. टूल बदलायला वेळ जातो म्हणून लोक आधी सगळी भोकं ड्रिल करतात आणि नंतर परत येऊन रीमर मारतात. डीआरओ चांगला असेल तर ते खपतं, नाहीतर रीमर भोकाच्या एका बाजूने जास्त कापतो.

स्पीड आणि फीड किती?

सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं: आरपीएम म्हणजे कटिंग स्पीड गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले व्यास. एम.एस.मध्ये एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल मिनिटाला २५ मीटरने चालवलं, तर ९.८ ला साधारण ८०० आरपीएम येतात. रीमरला याच्या निम्मा ते तिसरा हिस्सा स्पीड आणि ड्रिलच्या दीडपट ते दुप्पट फीड (एका फेऱ्यात आत सरकण्याचं अंतर) द्या. १० मि.मी. रीमरला मी २५० आरपीएम आणि फेऱ्याला ०.२५ मि.मी. फीड ठेवतो. म्हणजे १६ मि.मी.ची प्लेट जेमतेम १५ सेकंदांत पार होते. रीमर हळूहळू, जपून आत घालायचा हा समज चुकीचा आहे. फीड कमी पडला की रीमर घासायला लागतो. स्पीड कमी आणि फीड ठाम, हे हाताला लागायला थोडे दिवस जातात.

रीमर उलटा फिरवून बाहेर काढला तर काय बिघडतं?

धारेच्या मागच्या बाजूला अडकलेला कीस धार आणि भोकाच्या भिंतीमध्ये चेपला जातो. धार तुटते, भिंतीवर ओरखडा उमटतो. हँड रीमर असो वा मशीन रीमर, आत जाताना आणि बाहेर येतानाही फिरवायचा तो कापण्याच्याच दिशेने. टॅप मारताना (आटे पाडताना) पाव फेरा मागे घेण्याची सवय हाताला लागलेली असते आणि तीच इथे घात करते. टॅपिंग करून रीमिंगला आलेल्या मुलांना मी हे दर वेळी सांगतो.

हँड रीमर ड्रिल मशीनमध्ये लावला तर चालेल का?

वीज चालू करून नाही. हँड रीमरचं टोक बरंच लांबपर्यंत हलकं निमुळतं असतं, म्हणजे हाताने तो सरळ शिरावा. मशीन रीमर फक्त पुढच्या ४५ अंशांच्या छोट्या चँफरवर कापतो. पण हँड रीमर काटकोनात धरायला मशीनची मदत जरूर घ्या. मशीन बंद ठेवा, स्पिंडलमध्ये टोकदार सेंटर लावा आणि ते रीमरच्या मागच्या सेंटर होलमध्ये टेकवा. रीमर टॅप रेंचने हाताने फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने स्पिंडल हलक्या दाबाने खाली आणा. प्लेट ड्रिल केलेल्या बांधणीतच असायला हवी. घरगुती बेंच ड्रिलवर मला यापेक्षा भरवशाचा मार्ग सापडलेला नाही.

जाता जाता, या ट्विस्ट ड्रिलचं पेटंट १८६३ मध्ये अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सने घेतलं. ड्रिलच्या निमुळत्या दांड्यांच्या एमटी-२, एमटी-३ (मोर्स टेपर) या मापांमधला 'एम' त्याच्याच नावाचा.

रीमर मारूनही भोक मोठं आलं. का?

बहुतेक वेळा रीमर मध्यावर फिरत नसतो. चकमध्ये पकडलेल्या रीमरच्या धारांजवळ डायल लावा. सूई ०.०५ हलत असेल तर रीमर बिचारा काय करणार? कॉलेट (हत्यार सगळीकडून सारखं आवळणारी चिरलेली नळी) वापरा, नाहीतर फ्लोटिंग होल्डर. फ्लोटिंग होल्डरमध्ये रीमरला थोडं इकडेतिकडे सरकता येतं, त्यामुळे तो भोकाशी स्वतःला जुळवून घेतो. दुसरं कारण म्हणजे धारेवर चिकटलेला माल. मऊ स्टील आणि ॲल्युमिनियममध्ये धारेवर मालाचा छोटा थर बसतो आणि रीमरचा व्यास आपोआप वाढतो. तो बोटाला लागत नाही, भिंगातून दिसतो. तेल वाढवा, स्पीड कमी करा, पितळेच्या काडीने धार साफ करा.

फक्त तोंडाशी मोठं आणि आत बरोबर, म्हणजे घंटीसारखं भोक आलं, तर रीमर आत शिरताना डगमगला आहे. स्पिंडल आणि भोक एका रेषेत नाहीत.

कडेने करकर आवाज येऊन भोकात पट्टे दिसत असतील तर ती चॅटर. ती टाळण्यासाठीच रीमरचे दात थोड्या असमान अंतरावर ठेवलेले असतात. दातांची संख्या सम असते ती वेगळ्या कारणाने, समोरासमोरच्या दातांवर मायक्रोमीटर लावून व्यास मोजता यावा म्हणून.

भोक लहान आलं तर रीमर झिजलेला आहे, किंवा जॉब गरम होता. यावर पुढे सांगतो.

नवीन एच७ रीमर १०.००० चा का नसतो?

कारण भोक रीमरपेक्षा किंचित मोठं पडतं, आणि रीमर झिजूनही बरीच भोकं मापात यायला हवीत. १० एच७ चा रीमर १०.००६ ते १०.०१२ मध्ये बनवलेला असतो, म्हणजे एच७ च्या पट्टीच्या वरच्या बाजूला. नवा रीमर मायक्रोमीटरवर १०.०१० दाखवतो म्हणून दुकानदाराकडे परत नेऊ नका.

तेल कोणतं?

एम.एस.ला कटिंग ऑइल किंवा दाट कालवलेलं सोल्युबल ऑइल. ॲल्युमिनियमला रॉकेल फार चांगलं, पण ठिणगी आणि बिडी-सिगारेट लांब ठेवा. बिडाला कोरडंच चालतं, फक्त कीस हवेने न उडवता ब्रशने काढा. पितळही कोरडं. स्टीलमध्ये कोरडं रीमिंग करू नका.

पितळेत ड्रिल एकदम आत ओढलं जातं. उपाय?

पितळेसाठी कटिंग धारेच्या पुढच्या कडेवर अगदी छोटी सपाट पट्टी घासायची, म्हणजे तिरपी धार खोदण्याऐवजी खरवडायला लागते. ते ड्रिल वेगळं ठेवा, त्याच्यावर रंगाची खूण करा. पुन्हा ते एम.एस.मध्ये वापरलं तर नीट कापणार नाही.

पातळ पत्र्यात भोक तीन कोनांचं पडतं, कारण ड्रिलचे बाहेरचे कोपरे आत जाण्याआधीच टोक पार होतं आणि ड्रिलला आधार उरत नाही. पत्र्याच्या मागे लाकडी ठोकळा लावून आवळा किंवा स्टेप ड्रिल वापरा.

दोन प्लेट डॉवेलने जोडायच्या आहेत. भोकं वेगवेगळी पाडू की एकत्र?

एकत्र, दर वेळी एकत्र. आधी बोल्टची भोकं पाडून, टॅप करून दोन्ही प्लेट बोल्टने आवळा. जुळणी नीट बसली आहे ना ते डायलने किंवा पॅरललने तपासा आणि मग दोन्हींतून एकदमच डॉवेलचं ड्रिल आणि रीमर मारा. वेगवेगळ्या केलेल्या भोकांत दोन शतांशाचा फरक पडला तरी दुसरी पिन बसत नाही.

फिट नीट समजून घ्या. बाजारात मिळणारी डॉवेल पिन सहसा एम६ टॉलरन्सची असते (हा आट्यांचा एम६ नव्हे), म्हणजे १० मि.मी. पिन १०.००६ ते १०.०१५. भोक १०.००० ते १०.०१५. जोडी नशिबाने ०.००९ सैल येऊ शकते, तर कधी ०.०१५ ने घट्ट. बहुतेक वेळा हलक्या ठोक्यावर बसते. पिन एका प्लेटमध्ये पक्की आणि दुसरीत सरकती हवी असेल तर दुसऱ्या प्लेटला एफ७ रीमर मारा. त्याचं भोक १०.०१३ ते १०.०२८ येतं.

पिना एकमेकींपासून शक्य तितक्या दूर ठेवा. त्या मुद्दाम असमान जागी ठेवा, म्हणजे प्लेट उलटी बसवायची कुणाची हिंमत होणार नाही. भोक आरपार ठेवा, नाहीतर पुढे ती पिन बाहेर काढायची वेळ आली की ज्याच्या वाट्याला ते काम येईल तो तुमचं नाव घेईल. ब्लाइंड होल (आरपार नसलेलं भोक) टाळता येत नसेल तर हवेसाठी चपटी बाजू किंवा खोबण असलेली पिन घ्या, नाहीतर हवा अडकून पिन पुन्हा वर येते.

ब्लाइंड होलमध्ये रीमर तळापर्यंत जाईल का?

नाही. चँफरमुळे तळाशी थोडा भाग लहान राहतो, शिवाय कीस साचतो. ड्रिल जास्त खोल मारून जागा ठेवा. आरपार भोकाला डावीकडे पिळलेले फ्लूट चांगले, ते कीस पुढे ढकलतात. ब्लाइंडला उजवे, कारण ते कीस मागे आणतात. भोकात कीवे (चावीसाठीची खाच) असेल तर सरळ फ्लूटचा रीमर नको, दात कीवेच्या कडेत अडकतो.

भोक मोजायचं कशाने?

व्हर्निअरच्या आतल्या जबड्याने नाही. ते सपाट असतात, लहान भोकात वर्तुळाला पूर्ण टेकत नाहीत आणि माप कमी दाखवतात. गो आणि नो-गो प्लग गेज वापरा. १० एच७ ला गो १०.००० चा आणि नो-गो १०.०१५ चा. गो स्वतःच्या वजनाने किंवा हलक्या हाताने आत गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये. जोर लावून घातलेल्या गेजचं उत्तर मी मानत नाही.

टेलिस्कोपिक गेज किंवा दोन बिंदूंच्या बोअर गेजमध्ये एक फसवणूक आहे. तीन फुगवटे असलेल्या भोकाची रुंदी कोणत्याही दिशेने सारखीच येऊ शकते. गेज 'बरोबर' म्हणतो आणि पिन बसत नाही. अशा वेळी तीन बिंदूंचा इनसाइड मायक्रोमीटर किंवा प्लग गेज खरं सांगतो.

आता गरम जॉबबद्दल. सुरुवातीच्या काळात मी ॲल्युमिनियमच्या एका फिक्स्चर प्लेटमध्ये एकामागून एक अशी भोकं पाडली. कूलंट कमी, घाई फार. रीमर मारला, लगेच गो गेज घातला, तो छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीत सहा भोकांपैकी चारांत गो गेज अडकला. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन (मि.मी.चा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. १० मि.मी.चं भोक ३० अंशांनी गरम असेल तर ते ७ मायक्रॉनने मोठं वाचतं, आणि एच७ ची अख्खी पट्टी फक्त १५ मायक्रॉनची. मापं २० अंशांवर धरलेली असतात. तेव्हापासून जॉब आणि गेज एकाच टेबलावर तासभर ठेवल्याशिवाय मी अंतिम माप घेत नाही.

गोल शाफ्टमध्ये आडवं भोक मध्यावर कसं आणायचं?

शाफ्ट व्ही-ब्लॉकमध्ये बांधा. पंचचा बिंदू वर आहे की नाही ते डोळ्याने ठरवू नका. एज फाइंडरने शाफ्टच्या दोन्ही बाजू धरा आणि मधला बिंदू घ्या. स्पॉट ड्रिलशिवाय वाकड्या पृष्ठावर ड्रिल टेकवायचंच नाही.

हातमोजे घालू का?

फिरत्या स्पिंडलजवळ कधीच नाही. कीस मोज्यात अडकतो आणि हात ओढला जातो. चष्मा घाला, बाह्या दुमडा, कीस ब्रशने काढा आणि प्लेट हाताने धरून ड्रिल करू नका.

रीमर वापरूच नये अशी वेळ कोणती?

आधीचं भोक चुकीच्या जागी पडलेलं असेल तेव्हा. त्या वेळी बोअरिंग हेड लावा. एकाच धारेचं बोअरिंग टूल भोकाच्या मागे जात नाही, स्पिंडल जिथे आहे तिथेच कापतं. त्याने जागा परत मिळते. त्यानंतर ०.२ मि.मी. माल ठेवून रीमर मारला तर जागा आणि माप दोन्ही हातात येतात. मोठ्या व्यासाचं किंवा महत्त्वाचं भोक असेल तर मी आधीपासूनच हा क्रम ठेवतो.

रीमर कसा ठेवायचा?

प्रत्येकाला स्वतंत्र प्लॅस्टिकची नळी, तेलाचा हलका हात आणि बाहेर मापाची चिठ्ठी. खणात एकमेकांवर आपटणाऱ्या रीमरच्या धारा भिंगातून पाहिल्या तर करवतीसारख्या दिसतात. नव्या रीमरने पहिलं भोक थेट जॉबवर पाडू नका. त्याच मालाचा एक तुकडा घ्या, त्याच स्पीड-फीडने आणि त्याच तेलाने भोक पाडा, थंड होऊ द्या आणि गेज घाला. तुकड्यावर तारीख आणि रीमरचं माप लिहून तो त्याच नळीसोबत ठेवला, तर पुढच्या वेळी तोच रीमर किती झिजला आहे हे लगेच कळतं.